पावसाळी तडा : काडतुसाच्या पुंगळीची तपासणी आणि तिच्या मर्यादा

ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातील ठाण्यांवरून एक चमत्कारिक तक्रार येत असे. पावसाळ्यात फौजेच्या हालचाली थंडावत. तेवढ्या काळापुरता दारूगोळा तबेल्यांत रचून ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की कित्येक पितळी काडतुसांना तडे गेलेले दिसत. ही काडतुसे झाडलेली नसत, कुठे आदळलेली नसत, कोणी हातही लावलेला नसे. गोळी पकडून ठेवण्यासाठी पुंगळीचे तोंड जिथे आवळलेले असते, नेमके तिथे तडे जास्त. पेटीत ठेवताना जे काडतूस ठणठणीत होते, ते चार महिन्यांत आपोआप उकलले कसे, हे कोणालाच सांगता येईना. इंग्रजीत या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. आपण त्याला पावसाळी तडा म्हणू.

मी नोकरीची सगळी वर्षे तांबे, पितळ, कासे अशा अलोह धातूंची तपासणी करण्यात घालवली. राहायला बोरघाटाच्या पायथ्याशी, एका ठाकुरवाडीजवळ. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत या नावाच्या वाड्या अनेक आहेत. ठाकूर समाजाची वस्ती ती ठाकुरवाडी. घाटातल्या रेल्वेमार्गावर याच नावाचे एक तांत्रिक थांब्याचे ठिकाणही आहे. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई बंदर पुण्याशी जोडले गेले. सहा वर्षांनी, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखाना निघाला. कर्जतहून कल्याणकडे निघाले की वाटेत अंबरनाथ लागते; तिथली आयुधनिर्माणी अलोह धातूंच्या कामासाठी ओळखली जाते. पुढे १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावची निर्माणी उभी राहिली, तिथेही बंदुकांची काडतुसे होतात. काडतुसाचे पितळ हा विषय आमच्या भागाला म्हणूनच फारसा परका नाही. शिवाय कर्जत परिसरात गोळीबाराचा विषय निघाला की २ जानेवारी १९४३ चा सिद्धगड आणि तिथे धारातीर्थी पडलेले भाई कोतवाल व हिराजी पाटील आठवल्यावाचून राहत नाहीत.

या लेखाचा विषय मात्र एवढाच आहे : एकदा झाडलेली पुंगळी पुन्हा भरण्याआधी कशी तपासतात, त्या तपासणीत काय सापडते आणि काय सापडूच शकत नाही.

पुंगळी कशासाठी असते

काडतुसाचे चार भाग : गोळी, दारू, ठिणगी देणारी टोपी आणि या तिघांना एकत्र धरणारी पुंगळी. पुंगळी म्हणजे डबी, असा आपला समज असतो. खरे तर तिचे मोठे काम बार उडाल्यावर सुरू होते. थ्री-नॉट-थ्री रायफलीत बार उडतो तेव्हा आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक होतो. त्या क्षणी पुंगळीचे पातळ अंग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तापलेला वायू मागे यायची वाट बंद करते. दाब ओसरला की ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. फुगणे आणि आकसणे ही दोन्ही कामे करील असा धातू हवा. म्हणून ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त हे पितळ ठरले. धातुशास्त्रात त्याला काडतुसी पितळच म्हणतात.

पुंगळीने आपले काम केले नाही तर वायू मागे येतो. मागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो, गाल असतो, बोल्टवरचा हात असतो. तपासणीचा सारा खटाटोप त्यासाठी.

झाडलेली पुंगळी फेकून का देत नाहीत? कारण काडतुसात सर्वांत महाग आणि सर्वांत टिकाऊ भाग तोच. गोळी जाते, दारू जळते, टोपी वाया जाते, पुंगळी उरते. एकोणिसाव्या शतकात पूर्ण पितळेची छऱ्याची काडतुसे पुन्हा पुन्हा भरण्यासाठीच विकली जात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तोफांच्या मोठ्या पुंगळ्या आघाडीवरून कारखान्यात परत येत. तिथे त्या तपासल्या जात, मूळ मापात आणल्या जात, पुन्हा भरल्या जात आणि किती वेळा भरल्या त्याच्या खुणा बुडावर ठोकल्या जात. परदेशांत हौशी नेमबाज आजही घरी काडतुसे भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. सरावाच्या मैदानावर झाडलेल्या पुंगळ्या मोजून परत घेतल्या जातात, हे फौजेत किंवा पोलिसांत असलेल्या कोणालाही माहीत असते. तेव्हा पुढचे वर्णन ही घरगुती कृती नव्हे. तपासणारा माणूस धातूकडे कसा पाहतो, ते समजून घेण्यासाठी ते आहे.

डोळा, बोट आणि कान

तपासणीपूर्वी पुंगळी स्वच्छ धुऊन कोरडी करतात. काजळीखाली तडा लपतो आणि काजळीची रेघच कधी तड्यासारखी दिसते. मग एका कारखान्याच्या आणि एका खेपेच्या पुंगळ्या वेगळ्या काढतात. बुडावर कारखान्याची खूण आणि बहुधा वर्ष उठवलेले असते. ही वर्गवारी कंटाळवाणी असते. पण ती का लागते ते पुढे येईल.

पहिली नजर तोंडावर आणि मानेवर. इथला तडा उभा असतो, काठापासून खाली उतरणारा. पुंगळी झाडली की मान फुगते, भरताना ती पुन्हा आवळली जाते. या ओढाताणीने पितळ दर वेळी थोडे कडक होत जाते आणि शेवटी चिरते. तांबटाला हे सांगावे लागत नाही. पुण्याच्या तांबट आळीत भांडे ठोकता ठोकता धातू ताठरला की त्याला पुन्हा ताव देतात, म्हणजे तापवून मऊ करतात. तसे केले नाही तर पुढच्या ठोक्याला ते फाटते. काडतुसाच्या मानेलाही कारखान्यात असाच ताव दिलेला असतो. फौजी काडतुसाच्या मानेजवळ जी निळसर-तपकिरी झाक दिसते ती त्याची खूण. नवख्या माणसाला तो डाग वाटतो. वास्तविक त्या झाकेवरून ताव दिल्याची खात्री पटते. मानेच्या तड्याने बहुधा मोठा अपघात होत नाही, पण तडा गेलेली पुंगळी बाद ती बादच.

दुसरी नजर अंगावर. अंगावरचा उभा तडा जितका बुडाकडे, तितका धोका मोठा. पुढच्या भागाला चेंबरची भिंत सावरून धरते. बुडाजवळ मात्र पुंगळीला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची जागा बुडापासून थोड्या अंतरावर, जिथे जाड बूड संपून पातळ अंग सुरू होते. बार उडताना पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटून बसतो आणि बूड मागे रेटले जाते. मधला पट्टा ताणला जातो. थ्री-नॉट-थ्रीसारख्या कड असलेल्या काडतुसात हे विशेष घडते. ते आपल्या कडेवर टेकून बसते आणि लष्करी रायफलींचे चेंबर चिखलमातीतही काडतूस आत जावे म्हणून सैल ठेवलेले असत. दर वेळी ताणल्या गेलेल्या त्या पट्ट्याची जाडी आतून कमी होत जाते. बाहेरून दिसते ती फक्त अंगाभोवतीची एक फिकट चमकदार रेघ. ती दिसली की बारीक कडक तारेचे टोक काटकोनात वाकवून पुंगळीत घालतात आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून तोंडाकडे ओढतात. आत खाच पडली असेल तर तार तिथे अडखळते. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळते. अशी पुंगळी पुन्हा भरली तर तिचे दोन तुकडे होतात : बूड बाहेर येते, पुढचे नळकांडे चेंबरमध्ये अडकून बसते. ही अडचण इतकी नेहमीची होती की तुटलेली पुंगळी उपसून काढायचे खास हत्यार ब्रिटिश फौजेच्या मशीनगनबरोबर दिले जाई.

चौथी जागा टोपीच्या खोबणीची. तिथे काजळीचे कडे दिसले तर वायू गळला, खोबण सैल झाली. जुन्या काडतुसांत आणखी एक छुपा दोष असे. त्यांच्या टोपीत पाऱ्याचे स्फोटक संयुग असे. बार उडाला की पारा मोकळा होऊन पितळात मुरे आणि ते ठिसूळ करी. काळ्या दारूची राख भरपूर पडे, तोवर तीत बराच पारा अडकून राही. बिनधुराची दारू आली, राख कमी झाली आणि पारा थेट पितळाला भिडू लागला. वरकरणी चकचकीत असलेली ही पुंगळी दुसऱ्या बाराला फुटे. पितळ उघडे पडते, पण फार उशिरा.

रंगही बोलतो. हिरवा थर हा बहुधा वरवरचा कळंक असतो, पुसला की जातो. गुलाबी-तांबूस ठिपका मात्र वाईट. तिथले जस्त निघून गेलेले असते आणि मागे उरलेले तांबे भुसभुशीत असते. पितळी भांड्याला चिंच लावून ते विसरले तर त्यावर जी तांबूस छटा येते, तीही जस्त निघाल्याचीच. फरक एवढाच की तिथे ती पृष्ठभागावर थांबते.

शेवटी कान. चार-पाच पुंगळ्या ओंजळीत घेऊन हलवल्या की त्यांचा खणखणीत नाद येतो. त्यात एक चिरलेली असेल तर नाद बिघडतो, बद्द येतो. बाजारात भांडे घेताना बाई बोटाच्या पेराने टिचकी मारते ती याचसाठी. रेल्वेत पूर्वी चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूसही तेच ऐकत असे. अखंड धातू सगळा मिळून वाजतो. तडा मध्ये आला की कंपने तिथे अडतात आणि विरतात.

बाद ठरलेल्या पुंगळीचे तोंड तिथल्या तिथे पक्कडीने चेपतात. मोडीत काढली म्हणजे खरोखर मोडायची, नाहीतर ती संध्याकाळी पुन्हा चांगल्या ढिगात जाऊन बसते. आणि एका खेपेत एक तडा सापडला की त्या खेपेतल्या सगळ्या पुंगळ्यांकडे संशयाने पाहायचे. सुरुवातीची वर्गवारी लागते ती इथे.

जे दिसत नाही

आता पुन्हा तबेल्यातल्या पेट्यांकडे जाऊ. वरच्या सगळ्या कसोट्या त्या काडतुसांना पेटीत भरताना लावल्या असत्या तर? डोळा, तार, कान, काहीच कामी आले नसते. तडा नव्हताच.

याचे उत्तर १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी प्रसिद्ध केले. तडा जायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, असे त्यांनी दाखवून दिले : धातूच्या आत अडकून राहिलेला ताण आणि हवेतला अमोनिया.

ताण येतो घडणीतून. पितळेच्या पत्र्यातून चकती कापतात, तिची वाटी करतात, ती वाटी साच्यांतून ओढत ओढत लांब नळकांडे करतात. हे सगळे थंड धातूवर. दर ओढीला धातूचे काही थर जास्त ताणले जातात, काही कमी. काम संपल्यावरही ते एकमेकांना ओढत-रेटत राहतात. वाकवून बांधलेली बांबूची कामटी शांत दिसते, पण गाठ सोडली की उसळते, तसेच हे आहे. प्रयोगशाळेत हा ताण दाखवायचा तर अशा नळीचे कडे कापून त्याला उभा छेद देतात. ते आपोआप फाकते. गोळी बसवताना आवळलेल्या तोंडाशी हा ताण सर्वांत जास्त असतो आणि तडे तिथेच जात होते.

अमोनिया येतो घोड्यांच्या मुतातून. मुतातले युरिया जिवाणू फोडतात आणि अमोनिया सुटतो. तबेल्यात शिरताच नाकाला झोंबतो तो हाच. पावसाळ्याच्या दमट हवेत पितळावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो. अमोनिया त्यात विरघळतो आणि हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने तांबे खाऊ लागतो. पितळ हे बारीक कणांचे बनलेले असते. ताण नसेल तर अमोनिया पृष्ठभाग थोडा काळवंडून सोडतो. ताण असेल तर कणाकणांमधल्या शिवणी उसवत जातात आणि तडा आत शिरतो. कोरड्या ऋतूत तोच तबेला निरुपद्रवी, अमोनिया नसलेल्या गोदामात तेच काडतूस ठीक. तीन गोष्टींचा मेळ पावसाळ्यातच बसे, म्हणून तो आजार पावसाळी वाटे.

आमच्याकडे ही परिस्थिती आजही एका ठिकाणी पाहता येते. कर्जत तालुक्यातल्या माथेरानला मोटारींना बंदी आहे, प्रवासी आणि सामान घोड्यांवरून जाते. पावसाळा तिथला चार हजार मिलिमीटरच्या वरचा. जून ते सप्टेंबरच्या त्या ओल्या, कोंदट महिन्यांत तिथल्या एखाद्या तबेल्यात उभे राहिले की शंभर वर्षांपूर्वीच्या पेट्यांचे काय झाले असेल, हे सांगायला रसायनशास्त्राचे पुस्तक लागत नाही.

उपाय साधा निघाला. तयार पुंगळी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत हलक्या आचेवर ठराविक वेळ ठेवायची. एवढ्या उष्णतेने धातू मऊ पडत नाही, त्याची ताकद टिकते, पण आतला ताण सैल होतो. ताण गेला आहे का, याची कसोटीही आहे : खेपेतला एक नमुना पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा. ताण शिल्लक असेल तर काही मिनिटांत तडे उमटतात. मात्र ज्या पुंगळीवर ही कसोटी केली ती कामातून गेली. तपासलेली पुंगळी वापरता येत नाही आणि वापरायची असलेली तपासता येत नाही. म्हणजे शेवटी विश्वास ठेवायचा तो खेपेवर, भट्टीवर आणि भट्टीची नोंद ठेवणाऱ्या माणसावर.

तपासणीच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर मला यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तपासनीस जे शोधतो ते झालेले नुकसान असते. होऊ घातलेले नुकसान धातूच्या पोटात असते आणि ते घालवण्याची जागा फक्त घडणीत असते. फौजेने तबेल्यांत आणखी दहा तपासनीस नेमले असते तर फुटलेली काडतुसे लवकर सापडली असती. फुटायची थांबली नसती. सदोष माल निघाला की तपासणी कडक करा, असा हुकूम मी अनेक ठिकाणी ऐकला आहे. भट्टीचे तापमान पाहा, असा क्वचित.

घरातले पितळ

काडतुसांशी ज्यांचा आयुष्यात संबंध येणार नाही, त्यांच्याही घरात हा तडा शिरू शकतो. वाडीवरच्या कित्येक घरांत पावसाळ्यात जनावरे एकाच छपराखाली, एका बाजूला बांधलेली असतात. गोठ्याच्या भिंतीला टांगलेला थंड घडणीचा पितळी तांब्या काठाशी उकलला, तर दोष कोणाच्या हातून पडण्याचा नसेलही. ओतीव समई किंवा घंटा यांना हा धोका कमी, कारण त्या साच्यात वितळून ओतलेल्या असतात, ओढलेल्या नसतात. तांब्याच्या भांड्यालाही कमी. जस्ताचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या खाली असले की हा आजार फारसा होत नाही.

खरी काळजी वेगळ्या जागी घ्यायला हवी. कोंबड्यांच्या शेडमध्ये विष्ठेतून अमोनिया सुटत असतो आणि लहान पिलांना ऊब द्यायला तिथे गॅसच्या शेगड्या वापरतात. गॅसच्या नळ्यांचे जोड, पेचाचे नट, झडपा बहुधा पितळेच्या असतात आणि नट आवळला की त्यावर ताण येतोच. ताण, ओल आणि अमोनिया अशी तिन्ही तिथे एकत्र येतात. अशा जागी पावसाळ्यात दर काही दिवसांनी जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे आणि चिरलेला नट आणखी आवळू नये, बदलावा. आवळल्याने गळती क्षणभर थांबल्यासारखी वाटते, पण ताण वाढतो आणि तडाही.

दिवाळीच्या आधी घरोघरी पितळ निघते. चिंच आणि रांगोळी यांनी ते घासले तर हरकत नाही, फक्त लगेच धुऊन कोरडे करावे. बाटलीतल्या पॉलिशला अमोनियाचा झोंबणारा वास येत असेल तर ते ओतीव मूर्तीपुरते ठेवावे. आवळलेल्या, वाकवलेल्या, पेचाच्या पितळी भागांना आणि गॅसच्या जोडांना ते लावू नये. आणि रानात किंवा जुन्या माळ्यावर न झाडलेले काडतूस सापडले तर ते घासायला, वाजवून पाहायला किंवा उघडायला जाऊ नये. ते जिथे आहे तिथेच ठेवून पोलिसांना कळवावे. त्याच्या पितळाने किती पावसाळे सोसले आहेत, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही.